झाकली मूठ न उघडता हिशेब : सुरक्षित गणनाचे तंत्रज्ञान आज कितपत वापरण्याजोगे आहे?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो.

पुण्यातील काही नागरी पतसंस्थांच्या संगणकप्रणालीची देखभाल मी पाहतो. त्यांपैकी तीन संस्थांना, म्हणजे हडपसर, सिंहगड रस्ता आणि चिंचवड येथील एकेका संस्थेला, गेल्या वर्षभरात सारखाच अनुभव आला आहे. कर्जदार एका संस्थेत ‘अन्यत्र कर्ज नाही’ असे लिहून देतो, दुसरीकडेही तेच लिहून देतो, आणि हप्ते थकल्यावर दोन संस्थांचे वसुली अधिकारी त्याच्या दारात एकमेकांना भेटतात. तिन्ही व्यवस्थापक हा किस्सा हसत सांगतात. वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याचे खेटे घालायची वेळ आली की हसू मावळते.

तिघांनी थकबाकीदारांच्या याद्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात, हा सरळ उपाय झाला. पण यादी द्यायला एकही संचालक मंडळ तयार नाही. सभासदाची माहिती बाहेर जाऊ नये हे बैठकीत सांगायचे कारण आहे. आपले चांगले कर्जदार शेजारच्या संस्थेने पळवू नयेत हे चहाच्या वेळी सांगायचे कारण आहे. दोन्ही मला रास्त वाटतात.

अशात एका कंपनीने सादरीकरण केले. सर्व माहिती कायम कूटबद्ध राहील, कूटबद्ध अवस्थेतच तिच्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता चालेल आणि कोणाला काहीही दिसणार नाही, असा त्यांचा दावा होता. मी तीन गोष्टी विचारल्या: वेळ किती लागेल, किल्ल्या कोणाकडे राहतील आणि कोणी चुकीचा आकडा भरला तर तो कसा कळेल? पहिल्याचे उत्तर ‘क्लाउडवर अवलंबून आहे’ असे आले. दुसऱ्याचे उत्तर असे की, माहितीचे तुकडे तीन सर्व्हरवर राहतील आणि तिन्ही सर्व्हर कंपनीच सांभाळेल. म्हणजे कपाटे तीन, पण किल्ल्यांचा जुडगा एकाच कमरेला. तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी पुढची चित्रफीत लावली.

माहिती न दाखवता तिच्यावर हिशेब करण्याचे हे तंत्र आज खरोखर कुठवर पोचले आहे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

शेषसंख्या | रविवार, रात्री ११:४८

पर्वतीपायथा, तंत्रे निदान चार आहेत आणि आपल्याला ती एकाच पिशवीत घालून दाखवलेली दिसतात. प्रत्येकाचे वय वेगळे, खर्च वेगळा आणि विश्वास कोणावर ठेवायचा हेही वेगळे, तेव्हा आधी पिशवी रिकामी करू.

पहिले तंत्र गुपिताची वाटणी करण्याचे. शमीर यांनी १९७९ मध्ये एक गुपित अनेकांत असे वाटून दाखवले की, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी लोक एकत्र आले तर त्यांना काहीच कळत नाही. याओ यांनी १९८२ मध्ये दोन लक्षाधीशांचे कोडे मांडले, ज्यात संपत्ती न सांगता दोघांपैकी श्रीमंत कोण हे ठरवायचे आहे. १९८७ आणि १९८८ मधील दोन शोधनिबंधांनंतर कोणताही हिशेब या पद्धतीने करता येतो हे सिद्ध झाले. म्हणजे सिद्धान्त आपल्यापैकी अनेकांपेक्षा वयाने मोठा आहे.

आपल्या तीन संस्थांना एकूण थकबाकी काढायची आहे, पण प्रत्येकीला आपला आकडा झाकून ठेवायचा आहे, असे समजा. हडपसरची ४२ लाख, सिंहगड रस्त्याची ३१ लाख आणि चिंचवडची ५७ लाख. हडपसर आपल्या ४२ च्या तीन चिठ्ठ्या करते: ११८, उणे २०३ आणि १२७. सिंहगड रस्ता ३१ च्या करते: उणे ६४, १५० आणि उणे ५५. चिंचवड ५७ च्या करते: २११, उणे ९० आणि उणे ६४. प्रत्येकीची पहिली चिठ्ठी हडपसरकडे, दुसरी सिंहगड रस्त्याकडे आणि तिसरी चिंचवडकडे जाते. मग हडपसरला २६५, सिंहगड रस्त्याला उणे १४३ आणि चिंचवडला ८ अशी बेरीज मिळते, हे तीनच आकडे जाहीर होतात आणि त्यांची बेरीज १३० लाख येते. कागद-पेन्सिल घेऊन व्यवस्थापकांसमोर करून दाखवा. कोणत्याही सादरीकरणापेक्षा ते लवकर पटते. प्रत्यक्षात उणे संख्यांऐवजी एका मोठ्या संख्येने भागून उरणारी बाकी वापरतात, नाहीतर चिठ्ठीच्या आकारावरूनच अंदाज बांधता येतो.

बेरीज अशी फुकटात होते. गुणाकार आणि तुलना यांना मात्र दर वेळी निरोपांची देवाणघेवाण लागते. दोन ठिकाणांमधील एका फेरीला ५ मिलिसेकंद धरले आणि हिशेबात एकामागून एक १ लाख फेऱ्या आल्या, तर ५०० सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात, मग संगणक कितीही भारी असो. म्हणून या तंत्रात प्रोसेसरच्या आधी फेऱ्या मोजायच्या असतात.

दुसरे तंत्र होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूपबंद पेटीतल्या आकड्यांवर बाहेरूनच हिशेब. कल्पना १९७८ ची आहे, पण पूर्ण स्वरूपात ती कशी साधायची हे क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये दाखवले. २०११ मध्ये त्यांनी आणि हलेवी यांनी ती प्रत्यक्ष चालवली, तेव्हा गणनात साचलेला गोंगाट (कूटबद्ध करताना मुद्दाम मिसळलेली आणि हिशेबागणिक वाढत जाणारी चूक) एकदा साफ करायला, सुरक्षिततेच्या पातळीनुसार, ३० सेकंदांपासून ३० मिनिटांपर्यंत वेळ लागत होता आणि सार्वजनिक किल्लीच ७० एमबी ते २.३ जीबी एवढी होती. आज याच जातीच्या काही पद्धतींत ती सफाई साध्या प्रोसेसरवर काही मिलिसेकंदांत होते. झेप प्रचंड आहे, हे मान्य करायलाच हवे.

तरी वजन उरतेच. नेहमीच्या मापांनी एक कर्जरक्कम कूटबद्ध केली तर तिचा सुमारे अर्धा एमबी होतो. त्याच अर्ध्या एमबीत ८,१९२ रकमा शेजारी शेजारी बसवता येतात, त्यामुळे एकसारखे काम घाऊक करायचे असेल तर हे परवडते. पण ‘ही रक्कम त्या रकमेपेक्षा मोठी आहे का’ हा साधा प्रश्न प्रत्येक खात्याला वेगळा विचारायचा असेल, तर गाडी अडते. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनच्या प्रणालीत येणारा फोन कोणाचा हे ताडण्यासाठी आणि छायाचित्रातील ठिकाण ओळखण्यासाठी हेच तंत्र वापरले. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आपला पासवर्ड फुटलेल्या याद्यांत आहे का हे पाहायलाही तेच आहे. या साऱ्या उदाहरणांत प्रश्न छोटा, ठरलेला आणि लाखो वेळा तोच विचारला जाणारा आहे.

आपल्या कंपनीला आणखी एक प्रश्न विचारून पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सहसा दशांश अपूर्णांकांवर चालणारी सीकेकेएस ही पद्धत वापरतात. तिचे उलगडलेले अंदाजी उत्तर जसेच्या तसे दुसऱ्याच्या हाती दिले तर त्यातून गुप्त किल्ली काढता येते, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. उत्तर बाहेर देण्याआधी त्यात पुरेसा गोंगाट मिसळतात का, असे विचारा आणि समोरच्याचा चेहरा पाहा.

कर्वेपुतळा | सोमवार, सकाळी ८:०५

एवढा मोठा घाट घालण्याची गरज मला कळली नाही. प्रत्येक संस्थेने सभासदांचे मोबाइल क्रमांक एसएचए-२५६ या सूत्राने हॅश करावेत, म्हणजे प्रत्येकाचा ठरावीक लांबीचा सांकेतिक ठसा काढावा, आणि हॅशच्या याद्या ताडाव्यात. हॅश उलटा करता येत नाही, हे महाविद्यालयात शिकवतात.

शेषसंख्या | सोमवार, दुपारी १:२०

कर्वेपुतळा, हॅश उलटा करता येत नाही हे खरे. पण तो उलटा करण्याची गरजच पडत नाही. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून कोष्टक करणे हे साध्या लॅपटॉपला काही मिनिटांचे आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचे काम आहे. पॅन घेतले तरी सुटका नाही. वैयक्तिक पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ ठरलेले असते, म्हणजे पाच अक्षरे आणि चार अंक एवढीच मोकळीक राहते आणि एकूण शक्यता १२ हजार कोटींच्या आत येतात. पाचवे अक्षर आडनावाचे पहिले असते, हे माहीत असल्यास त्याहूनही कमी. अशी हॅशची यादी देणे म्हणजे मूळ यादीच जरा उशिरा देणे होय.

आपल्या कामाला लागणारी गोष्ट हॅशच्या जवळचीच आहे आणि तिची मूळ कल्पना १९८० च्या दशकातली आहे. दोन कुलपांची पद्धत म्हणू या. प्रत्येक संस्थेकडे स्वतःचे एक गुप्त कुलूप आहे, आणि ही कुलपे अशी की, आधी कोणते लावले याने फरक पडत नाही. हडपसर आपल्या प्रत्येक क्रमांकाला आपले कुलूप लावून यादी चिंचवडला पाठवते. चिंचवड त्यावर आपले कुलूप लावते, यादी पत्त्यांसारखी पिसते आणि परत देते. चिंचवड स्वतःची यादीही आपले कुलूप लावून पाठवते आणि तिच्यावर हडपसर आपले लावते. आता हडपसरसमोर दुहेरी कुलपांच्या दोन याद्या आहेत. ज्या नोंदी जुळतात तो क्रमांक दोन्हीकडे आहे. यादी पिसलेली असल्यामुळे किती जुळले एवढेच कळते, कोण जुळले ते कळत नाही. एकट्या हडपसरला ४०० कोटींचे कोष्टक करून उपयोग नाही, कारण चिंचवडचे कुलूप तिच्याकडे नाही.

खर्च पाहा. कुलूपबंद नोंद ३२ बाइटांची होते. एका यादीत १ लाख नोंदी असल्या तरी ३.२ एमबी, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राएवढे झाले. जुन्या लॅपटॉपवर मिनिटाच्या आत काम उरकते. जुळलेल्या नोंदींच्या रकमांची फक्त बेरीज हवी असेल तर त्यासाठी कूटबद्ध बेरजेची जोड देता येते. गूगलने २०१९ मध्ये नेमक्या याच कामाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तीन सर्व्हर लागत नाहीत, कंपनीच्या कमरेचा जुडगाही लागत नाही.

एक धोका मात्र गणित झाकत नाही. चिंचवडने यादीत एकाच माणसाचा क्रमांक घातला, तर उत्तर ० किंवा १ येईल, आणि त्या माणसाचे गुपित फुटलेच. मागच्या महिन्याची यादी आणि या महिन्याची यादी यांत एकाच नावाचा फरक ठेवला तरी तेच होते. तेव्हा यादी किमान किती मोठी असावी आणि किती वेळा चालवावी, हे करारात लिहून घ्या.

उसाचा_मळा | सोमवार, रात्री ९:३०

मी मूळचा इंदापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त हडपसरला राहतो. या तंत्राचा मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रत्यक्ष वापर साखरेच्याच धंद्यात झाला, हे साखर संकुलाच्या गावात कोणी सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते.

जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये साखरबीट पिकवण्याच्या करारांची फेरवाटणी लिलावाने झाली. युरोपीय संघाने साखरेचा आधार कमी केल्यामुळे कोणी पीक चालू ठेवावे आणि कोणी सोडावे, हे नव्याने ठरवायचे होते. खरेदीदार एकच, डॅनिस्को ही कंपनी. सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी बोली लावली, आणि प्रत्येकाला ४,००० संभाव्य किमतींपैकी कोणत्या किमतीला आपण किती घेऊ वा देऊ हे सांगायचे होते. एवढा तपशील डॅनिस्कोच्या हाती पडला असता, तर कोणाचा उत्पादनखर्च किती आणि कोण टेकीला आला आहे, हे तिला नेमके कळले असते. म्हणून गणन तीन पक्षांत वाटले: डॅनिस्को, बीट उत्पादकांची संघटना आणि विद्यापीठांचा संशोधन प्रकल्प. हिशेबाला सुमारे अर्धा तास लागला आणि सुमारे २५,००० टनांचे हक्क हातोहात बदलले.

यात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, तीन सर्व्हरवाले एकमेकांच्या हिताविरुद्ध उभे होते. कारखाना आणि उत्पादक संघटना संगनमत करून शेतकऱ्याची बोली उघडणार नाहीत, हे शेतकऱ्याला सांगावे लागले नाही, ते त्याला ठाऊकच होते. पर्वतीपायथा यांच्या तीन संस्था एकमेकींच्या स्पर्धक आहेत, हीच खरी जमेची बाजू आहे.

आपल्याकडे आडसाली लागणीपासून तोडणीच्या पाळीपर्यंत अशा झाकलेल्या हिशेबाला भरपूर वाव आहे. मात्र काटा मारलेला असेल तर बोली कितीही झाकली तरी वजन चुकीचेच येणार, हेही ऊस घालणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वैधानिक_तपासणीस | मंगळवार, सकाळी ७:१५

काटा मारण्याच्या मुद्द्यावरच मला लिहायचे आहे. मी सहकारी संस्थांची लेखापरीक्षक आहे आणि अशा एका प्रयोगात प्रत्यक्ष सहभागी झाले आहे. सात संस्थांची सरासरी थकबाकी वरच्या चिठ्ठ्यांच्या पद्धतीने काढायची होती. गणन काही सेकंदांत झाले आणि उत्तर असे आले की, सातही संस्था मिळून एखाद्या मोठ्या बँकेलाही लाजवतील. कोणीतरी लाखांच्या रकान्यात रुपये भरले होते. कोणी भरले, हे कळायला मार्गच नव्हता, कारण आकडे झाकणे हाच तर खटाटोप होता. शेवटी सातही जणांना दूरध्वनी करून ‘आपण लाखांतच भरले ना?’ असे विचारावे लागले. सातही जण ‘हो’ म्हणाले.

दुसऱ्या फेरीत भरणाऱ्याच्या संगणकावरच मर्यादेची तपासणी बसवली आणि मागील वर्षाच्या ताळेबंदाचा आकडा शेजारी दाखवला, तेव्हा उत्तर बरोबर आले. बॉस्टन शहरात स्त्री-पुरुष वेतनातील तफावत मोजण्यासाठी बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ पासून हेच तंत्र वापरले, आणि तिथेही भरणारी माणसे मनुष्यबळ विभागातली होती, गणिती नव्हती. त्यांना ओळखीचा वाटेल असा तक्ता ब्राउझरमध्ये देण्यावर आणि चुकीची नोंद पाठवण्याआधीच अडवण्यावर तिथे मेहनत घ्यावी लागली. भरलेला आकडा ठरावीक मर्यादेत आहे, याचा पुरावा आकडा न दाखवता देणाऱ्या पद्धतीही आहेत. २०१७ मध्ये मांडलेली प्रायो ही त्यांतली एक असून, फायरफॉक्सची आकडेवारी जमवताना तिचा वापर झाला आहे. तरी मर्यादेच्या आतली चूक चूकच राहते, आणि ती पकडायला वहीच उघडावी लागते.

पर्वतीपायथा, आपल्या याद्या आताच एकदा उघडून पाहा. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात काय काय असते, हे मी दर वर्षी पाहते.

चिप_आणि_चहा | मंगळवार, दुपारी ३:४०

शेषसंख्या यांनी म्हटलेल्या चारांपैकी वाटणी, होमोमॉर्फिक आणि दोन कुलपे झाली, एक तंत्र राहिले, म्हणून थोडक्यात भर घालतो. प्रोसेसरमध्येच एक बंदिस्त खोली असते आणि तिच्यात काय चालले आहे हे यंत्राच्या मालकालाही दिसत नाही, असा निर्मात्याचा शब्द असतो. यात गणित उघड्या आकड्यांवरच चालत असल्याने वेग जवळजवळ नेहमीचा राहतो आणि म्हणून मोठ्या क्लाउड कंपन्या ‘गोपनीय गणन’ या नावाने हेच विकतात. सिग्नल या संदेश-ॲपने संपर्कयादी ताडण्यासाठी २०१७ मध्ये इंटेलच्या एसजीएक्स नावाच्या अशाच खोलीचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी फोरशॅडो नावाच्या हल्ल्याने त्या खोलीतील मजकूर बाहेर काढून दाखवला. २०२५ मध्ये तर मेमरीच्या तारांमध्ये स्वस्तातले उपकरण घुसवून इंटेल आणि एएमडी या दोन्ही चिपनिर्मात्यांच्या खोल्या फोडता येतात, असे संशोधकांनी दाखवले. त्यासाठी यंत्र हातात असावे लागते, पण आपल्या गोष्टीत नेमक्या कंपनीच्याच हातात यंत्र आहे.

मी स्वतः हे तंत्र टाकाऊ मानत नाही. चोर दूरचा असेल तर ते चांगले काम करते. फक्त विश्वास चिपच्या निर्मात्यावर आणि यंत्र सांभाळणाऱ्यावर ठेवावा लागतो, हे दरपत्रकात लिहिलेले नसते.

शुद्ध गणिताच्या बाजूनेही फार गर्व नको. क्रिप्टो चलनाच्या किल्ल्या तुकड्यांत सांभाळणे हा वाटणीच्या तंत्राचा आजचा मोठा व्यापारी वापर आहे, आणि २०२३ मध्ये बिटफोर्ज या नावाने उघड झालेल्या त्रुटींतून तेथील अनेक प्रणालींची संपूर्ण किल्ली काढता येत होती. तयार प्रोग्रामसंच (लायब्ररी) घ्यावा, स्वतः लिहू नये, आणि घेतलेला अद्ययावत ठेवावा.

कलमवाचक | मंगळवार, रात्री १०:५५

वकिली बाजू मांडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियमांत सुरक्षेचे उपाय म्हणून एन्क्रिप्शन, माहिती झाकणे आणि तिच्या जागी आभासी चिन्हे वापरणे यांचा उल्लेख आहे. मात्र, माहिती झाकून हिशेब केला तर ती वैयक्तिक माहिती उरत नाही, अशी सवलत कोठेही दिलेली नाही.

एस्टोनियात वेगळे घडले. २०१५ मध्ये तेथे कर विभागाच्या सुमारे १ कोटी नोंदी आणि शिक्षण खात्याच्या ५ लाखांहून अधिक नोंदी वाटणीच्या तंत्राने जोडल्या गेल्या. शिकता शिकता नोकरी करणारे माहिती तंत्रज्ञानाचे विद्यार्थी त्या नोकरीमुळेच पदवी सोडतात का, एवढेच पाहायचे होते. तेथील डेटा संरक्षण यंत्रणेने अशा गणनाला वैयक्तिक माहितीवरील प्रक्रियेची परवानगी लागत नाही, असा कौल दिला. आपल्याकडे असा कौल गृहीत धरून चालता येणार नाही.

आपल्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये कर्ज थकवणाऱ्याची आर्थिक माहिती आणि मालमत्ता शोधण्यासाठी काही सूट आहे. कोणी ती दाखवून ‘आता सगळे चालते’ असे म्हणेल, म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यातील ‘वित्तीय संस्था’ या शब्दाची व्याख्या दिवाळखोरी संहितेतून घेतली आहे, तेव्हा पतसंस्थेने तो आधार आपोआप मिळेल असे समजू नये. आणि सूट थकवणाऱ्यापुरती आहे, नव्याने कर्ज मागायला आलेल्या माणसापुरती नाही. माझा सल्ला असा की, प्रत्येक फेरीचा उद्देश, यादीचा आकार आणि बाहेर पडणारे उत्तर या तिन्ही गोष्टी ठरावात शब्दशः लिहाव्यात. ‘आवश्यक ते विश्लेषण’ असा शब्दप्रयोग ठरावात आला की, ती झाकली मूठ राहिलीच नाही असे समजा.

पर्वतीपायथा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ७:२०

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगणे लागतो.

कंपनीला नकार कळवला. शेषसंख्या यांनी सांगितलेली दोन कुलपांची पद्धत निवडली, उत्तर फक्त दोनच आकड्यांचे ठेवले: दोन संस्थांत सामाईक थकबाकीदार किती आणि त्यांची एकूण थकबाकी किती. यादी ५०० नोंदींपेक्षा लहान नसावी, गणन तिमाहीतून एकदाच व्हावे आणि यादीतील नोंदींची संख्या लेखापरीक्षकांनी प्रमाणित करावी, असा ठराव तिन्ही मंडळांनी केला. ठरावाचा मसुदा कलमवाचक यांच्या शेवटच्या वाक्यावर बेतला होता.

तीन आठवड्यांपैकी सतरा दिवस याद्या साफ करण्यात गेले. क्रमांकांपुढे कोठे +९१ होते, कोठे शून्य, कोठे मध्ये मोकळी जागा. काही ठिकाणी दूरध्वनीचा जुना क्रमांक तसाच होता. वैधानिक_तपासणीस यांनी सूचित केलेली मौज पाचव्या दिवशी सापडली: एका संस्थेत एकच मोबाइल क्रमांक ६३ खात्यांवर होता. तो पिग्मी एजंटाचा निघाला. सभासदाकडे मोबाइल नसला की तो आपलाच क्रमांक लिहीत असे, आणि हाच गृहस्थ दुसऱ्या संस्थेचीही पिग्मी गोळा करत असल्याने तिच्याही यादीत तोच क्रमांक ११ खात्यांवर होता. तसेच गणन केले असते तर हा सज्जन माणूस दोन संस्थांतील सर्वांत मोठा सामाईक थकबाकीदार ठरला असता. मग मोबाइलऐवजी पॅन घेतला, ज्यांचा पॅन नाही त्यांना बाजूला काढले आणि ते किती आहेत हे वेगळे लिहिले.

आज दुपारी सिंहगड रस्त्यावरील संस्थेच्या बैठकीच्या खोलीत तीन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून गणन केले. तिन्ही जोड्या मिळून दोन मिनिटांच्या आत काम झाले. चहा यायच्या आधी. हडपसर आणि चिंचवड यांच्यात १९ सामाईक निघाले आणि रक्कम व्यवस्थापकांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक होती. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चिंचवडच्या व्यवस्थापकांनी चष्मा काढला आणि मला विचारले, ‘‘बरं, आता ते एकोणीस जण कोण, ते दाखवा.’’

ते दाखवता येत नाही, यादी पिसलेली आहे आणि ठरावही तसाच आहे, हे मी त्यांना पुन्हा समजावून सांगितले. त्यांना तीन आठवड्यांपूर्वीही ते समजले होते. हडपसरच्या बाई म्हणाल्या की, नाव कळायचे असेल तर कर्जाच्या छापील अर्जातच तशी संमती घ्यावी लागेल, आणि ती नव्या कर्जांपुरतीच उपयोगी पडेल. पुढील महिन्याच्या सभेत संमतीच्या त्या वाक्याचा मसुदा ठेवायचे ठरले आहे. कलमवाचक, तो इथे टाकला तर आपण नजरेखालून घालाल का?